वाढलेला घुमट

रुवी, मस्कत
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

मायना काय लिहावा याच्यावरच माझा चहा गार झाला. तीर्थरूप तू नाहीस, चिरंजीव म्हणावं इतका लहानही नाहीस, आणि प्रिय लिहिलं तर तू कागद पालथा घालून ठेवशील. तेव्हा नुसतंच, जयप्रकाश.

पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो म्हणून. आणि मेसेज केला तर तू अंगठा पाठवतोस. अंतराला व्हिसा मिळाला, अंगठा. गाडीचं इन्शुरन्स संपलं, अंगठा. माझ्या आईचं वर्षश्राद्ध झालं म्हणून कळवलं, त्यालाही अंगठा. आमच्या वाईला अंगठा उठवणाऱ्याला निरक्षर समजायचे, तू तर चांगला इंजिनीअर आहेस. पत्राला अंगठा चिकटवायची सोय नाही, म्हणून पत्र. तो दापोलीकडचा जुनैद मसाले आणि पापड घेऊन दर आठवड्याला सोहारच्या औद्योगिक वसाहतीत व्हॅन नेतो, त्याच्या हाती देते आहे. तो तुझ्या कंपनीच्या मेसमध्येही माल टाकतो हे मी आधीच विचारून घेतलं.

आता मुद्द्याचं. अंतरा पाच जानेवारीला शिकायला इंग्लंडात लिंकनला जाते आहे. तिला विचारलं, जाण्याआधी तुला काय करायचंय, हॉटेलात जेवण, मैत्रिणींना बोलावणं, काय ते सांग. तिने फार विचार केला नाही. म्हणाली, "मम्मा, आपण तिघं एकदा कॅथीड्रलला जाऊ या." तू, मी आणि ती. १९ डिसेंबर, शुक्रवार. हवा तेव्हा बरी असते आणि तुला सुट्टीही असते.

कल्हातच्या त्या कबरीला आपल्या घरात कॅथीड्रल म्हणतात, हे बाहेर कुणाला कळलं तर आपल्याला वेड्यात काढतील. पण तुला सांगायला नको.

दुसरी गोष्ट. सप्टेंबरात पुण्याच्या वकिलाकडून तू पाठवलेले कागद मी वाचले. त्यावर परस्परसंमती असं लिहिलंय. परस्पर हे बरोबर आहे, परस्परच पाठवलेस. संमती मात्र माझी नाही. चार वर्षांपूर्वी तू बदली घेऊन सोहारला गेलास तेव्हा दर गुरुवारी यायचास. मग पंधरा दिवसांनी, मग सणावारी, मग गाडीचं काम निघालं तर. मी विचारलं की तिथे कोणी आहे का. तू नाही म्हणालास आणि मला ते पटलं, हीच तर पंचाईत आहे. दुसरी कोणी असती तर निदान तिला शिव्याशाप द्यायची सोय झाली असती.

मला तू घरी यायला हवा आहेस. इतकी साधी गोष्ट आहे आणि ती लिहायला मला चार वर्षं लागली. तर असं करू. एकोणीसला तिघं जाऊ, तिघं परत येऊ, आणि त्या दिवशी तू रुवीला राहा. आपल्या घरात जेव, आपल्या घरात झोप. दुसऱ्या दिवशी सकाळी उठूनही तुला सोहारलाच बरं वाटत असेल, तर मी सही करीन आणि तोंडातून चकार शब्द काढणार नाही. माझा शब्द आहे आणि मी तो पाळते हे तुला माहीत आहे.

मैथिली


रुवी
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

जयप्रकाश,

जुनैद म्हणाला, "भाभी, साहेबांनी लिफाफा घेतलान, खिशात ठेवलान, बोलले काय नाय." तेवढ्यावर मी चार दिवस काढले. मग अंतराने फोन पुढे केला. तुझा मेसेज होता, एकोणीस ओके, आणि पुढे अंगठा. या अंगठ्यावर मी अजिबात रागावले नाही. दवाखान्यात दिवसभर लोकांच्या किडक्या दातांच्या फायली काढताना गुणगुणत होते म्हणे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लॉटरी लागली का.

मला ती पहिली खेप सारखी आठवते आहे. तुला आठवत नसेल असं नाही, पण लिहायला बरं वाटतं. अंतरा चौथीत होती. टीचरने निबंध दिला होता, मध्ययुगीन कॅथीड्रलला दिलेली भेट. मस्कतच्या पोरांनी मध्ययुगीन कॅथीड्रल आणायचं कुठून? बाकीच्यांनी इंटरनेटवरून उतरवलं आणि मोकळे झाले. आपली बया रडत बसली, मी गेलेच नाही तर गेले असं कसं लिहू. हा खरेपणा तुमच्या घराण्यातला, आमच्याकडे इतका नव्हता. तू पेपर खाली ठेवलास आणि म्हणालास, "जुनं आहे, दगडाचं आहे, वर घुमट होता. चल, दाखवतो."

किती ऊन होतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला करडे डोंगर, आणि मध्ये सगळ्या माळावर दगडगोट्यांचा सडा. एके काळी इथे मोठं बंदर होतं, इथून हिंदुस्थानात घोडे जायचे, असं तू सांगत होतास आणि अंतरा घोडे शोधत होती. त्या माळावर ती एकटी उभी, बीबी मरियमची कबर. चौकोनी, कमानींची, वर आभाळ. तू म्हणालास, कोणी म्हणतात नवऱ्याने बायकोसाठी बांधली, कोणी म्हणतात बायकोने नवऱ्यासाठी बांधली आणि मग तीही तिथेच गेली. मी विचारलं, तुला काय वाटतं. "बायकोनेच," तू म्हणालास, "नवरे अशी कामं पुढे ढकलतात."

आणि मग ते बांगडीचं. अंतराच्या हातात हळदीकुंकवाच्या हिरव्या बांगड्या होत्या. ती दगडावरून घसरली आणि मी ओरडले, अगं बाई, बांगडी वाढली. ती रडायची थांबली. मनगटाकडे बघितलं, जमिनीवरचे तुकडे बघितले आणि म्हणाली, "मम्मा, इट ब्रोक. वाढली कशी?"

तू तिला मांडीवर घेऊन समजावलंस. म्हणालास, "तुझ्या आईच्या आईने तिला शिकवलंय. बांगडी, मंगळसूत्र, देवापुढचा दिवा, यांच्याबद्दल मोडलं, तुटलं, फुटलं असं बोलायचं नसतं. वाढलं म्हणायचं. आई ते शब्द कधीच म्हणणार नाही, बघ तू." हे तीन शब्द तुझे आहेत, मी फक्त उतरवून घेतले. माझ्या आईने त्यापायी माझ्या तोंडावर चापट्या मारल्या आहेत. दुकान बंद केलं तरी वाढवलं म्हणायचं, नारळसुद्धा वाढवायचा. आता ते शब्द माझ्या जिभेवर यायलाच तयार नाहीत.

अंतराने मान वर करून तो मोकळा चौकोन पाहिला आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "म्हणजे डोमपण वाढलाय." तू हसता हसता दगडावर बसलास. तुला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

निबंधात तिने इंग्रजीत तेच लिहिलं, द डोम ऑफ धिस कॅथीड्रल हॅज ग्रोन. टीचरने लाल गोल काढला. घुमट कसा वाढेल, आणि मुळात हे कॅथीड्रल नाहीच. दहापैकी तीन. तू ते पान फ्रिजवर लावलंस. तेव्हापासून आपल्याकडे कप वाढतो, चष्मा वाढतो, वायफाय वाढतं. पाहुण्यांना वाटायचं, यांच्याकडे फार बरकत आहे.

एक मात्र तुला कधी सांगितलं नाही. तू दुसरी मोठी बॅग घेऊन गेलास त्या दिवशी अंतरा सतरा वर्षांची होती. तिने दार लावलं आणि तिथेच उभी राहून विचारलं, "मम्मा, आपलं घर वाढलं का?" चेष्टेने नाही. तिला मराठीत दुसरा शब्द सापडला नाही. मी म्हटलं, काहीतरीच काय, बाबा कामासाठी गेलाय. आणि पोळ्या लाटायला गेले.

असो. दशम्या करू की थालीपीठं? तू कळवणार नाहीस, म्हणून दोन्ही करते. शेंगादाण्याची चटणी आहेच.

मैथिली

ता. क. कपाटातली तुझी बाजू रिकामी केली आहे. अंतराचे हिवाळी कपडे तिथे ठेवले होते ते काढले. असंच सांगितलं.


रुवी
शनिवार, १३ डिसेंबर

जयप्रकाश,

आज मी रागावले आहे, तेव्हा हे पत्र तसंच वाच.

तुझा अंतराला मेसेज, मी थेट कल्हातला येतो, तुम्ही तिकडून या. सोहारहून कल्हातला जायला दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही. मस्कत वाटेतच लागतं. म्हणजे तू आपल्या घरावरून जाणार, आणि आपल्या घरावरूनच परत येणार. एका गाडीत तिघं बसलो असतो तर तुझं पेट्रोलच वाचलं असतं. अंतराला म्हटलं, बाबाला सांग की आम्ही खाली उभ्या राहतो. ती म्हणाली, "मम्मा, लेट इट बी ना." ती हल्ली मला फार समजून घेते. मुलीने आईला इतकं समजून घेऊ नये, आईला भीती वाटते.

बाजारात शहनाजभाभी भेटल्या, आपल्या वरच्या मजल्यावरच्या. मी बोंबील निवडत होते. म्हणाल्या, साहेब येतायत म्हणे. सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे, कारण मीच सांगितलंय. त्या म्हणाल्या, इन्शाल्ला. मी पण म्हटलं. इथे येऊन तो शब्द आपल्या सगळ्यांच्याच तोंडात बसलाय, पण त्या दिवशी मी तो मनापासून म्हटला.

बरं, वेगळी गाडी तर वेगळी गाडी. सकाळी साडेदहापर्यंत ये. टोपी आण. तुझं कपाळ लगेच भाजतं.

मैथिली


रुवी
शनिवार, २० डिसेंबर

जयप्रकाश,

कालचा दिवस तुला माहीत आहे, तू होतास. पण तू अर्धाच पाहिलास. म्हणून लिहिते.

आम्ही पोचलो तर तू आधीच येऊन गाडीत एसी लावून बसला होतास. मिशी काढली आहेस हे कोणी सांगितलं नव्हतं. मी क्षणभर दुसऱ्याच कुणाच्या गाडीकडे चालले आहे असं वाटून थांबले. तुला वाटलं मी साडी सावरते आहे. ती साडी नवी होती, तेही तुला दिसलं नाही, किंवा दिसलं आणि तू बोलला नाहीस.

अंतरा धावत गेली. तिच्यासाठी तू कोट आणला होतास, जाड, निळा, आतून लोकरीचा, बाह्या बरोबर तिच्या मापाच्या. त्या उन्हात तिने तो घालून दाखवला. मी विचार करत होते की चार वर्षांत ती खांद्यात भरली, हे सोहारला बसून याला कळलं कसं. तू बाप चांगला आहेस. हे मी आधीही म्हटलं आहे आणि भांडतानाही म्हटलं आहे.

आता तिथे कुंपण आहे. तो म्हातारा राखणदार आला आणि हिंदीत म्हणाला, "अंदर मना है, मॅडम, काम चल रहा है." अंतराने त्याला सांगितलं की मी हेच, जुन्या इमारती जपायचं काम, शिकायला चालले आहे. तेव्हा तो कौतुकाने तिला कुंपणाच्या कडेने घेऊन गेला, जिथून कमानी नीट दिसतात. ती परत आली आणि तिने आपल्याला समजावलं. तू आणि मी दोन विद्यार्थ्यांसारखे कुंपणाला टेकून उभे. म्हणाली, "बाबा, हे लोक डोम परत बांधणार नाहीत. जे आहे ते अजून पडू नये, एवढंच करतात. नवीन बांधलं तर ते खोटं होतं." तू म्हणालास, "म्हणजे वाढलेला वाढलेलाच राहणार." आणि हसलास. अगदी तेव्हाच्यासारखं नाही, पण त्याच्या जवळपासचं. मी मनात म्हटलं, आला. हा परत आला. खरं सांगते, त्या वेळी मी त्या बीबी मरियमला नवस बोलले. आपल्यात कबरीला नवस बोलतात की नाही मला माहीत नाही, मी बोलले.

मग सतरंजी घातली, गाडीच्या सावलीत, समुद्राकडे तोंड करून. तू दोन दशम्या खाल्ल्यास, एक थालीपीठ. चटणी परत मागून घेतलीस. आणि हात धुऊन, रुमालाला पुसून म्हणालास, "थँक्यू मैथिली. खूप छान झालं होतं सगळं."

तुला त्यात काही वाटलं नाही. अंतरालाही तेव्हा कळलं नाही. पण तेवीस वर्षांत तू माझ्या हातचं खाऊन कधी थँक्यू म्हणाला आहेस का? मीठ कमी आहे म्हणायचास. परवासारखं कर ना म्हणायचास. ताटात काही उरलं नाही की मी समजून घ्यायचे. एकदा रागाने ताट सरकवलं होतंस तेही मला चाललं, ते घरच्या माणसाचं सरकवणं होतं. थँक्यू पाहुणे म्हणतात. थँक्यू दवाखान्यात पेशंट म्हणतात, दाराशी आलेला पार्सलवाला म्हणतो. तू कागदाची ताटली घडी घालून पिशवीत ठेवलीस, सतरंजीवरचे कण वेचलेस, आणि मला कळलं की तू आमच्याकडे जेवायला आला होतास.

तरी विचारलं. मी निर्लज्ज आहे म्हण हवं तर. अंतरा फोटो काढायला गेली होती तेव्हा म्हटलं, "घरी चल ना. आजच्या दिवस." तू समुद्राकडे बघत होतास. चिडला असतास तर मी भांडले असते, माझी तयारी होती. पण तू फार हळू बोललास. "मैथिली, तुझ्यात काही कमी नाही. मला तिथे एकट्याला बरं वाटतं. मी आलो तर तू रोज माझ्या तोंडाकडे बघशील, हा आज बरा आहे का म्हणून. मला ते बघवत नाही." मग म्हणालास, सकाळी शिफ्ट आहे. शनिवारी कोणती शिफ्ट, हे मी विचारलं नाही. मीच ती तुझ्यासाठी खरी मानून टाकली.

इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं ऐक.

परत येताना तू पूर्ण वेळ माझ्या मागे होतास. रस्ता एकच, कुठे जाणार? आरशात तुझी पांढरी गाडी दिसत होती. मी मुद्दाम सावकाश चालवत होते. तू ओव्हरटेक करू शकला असतास, केलं नाहीस. डोंगरातल्या वळणांवर दिसेनासा व्हायचास आणि पुन्हा यायचास. अंतरा कोट मांडीवर घेऊन बसली होती. ती बाहेर बघत नव्हती, तीही आरशातच बघत होती. दोघींच्याही मनात एकच होतं. रुवीच्या वळणाला मी नेहमीपेक्षा खूप आधी इंडिकेटर दिला. म्हटलं त्याला दिसू दे, विचार करायला वेळ मिळू दे.

तू एकदा दिव्यांची उघडझाप केलीस आणि सरळ गेलास.

ते दिवे म्हणजे काय होतं जयप्रकाश, टाटा होता की अंगठा होता?

मी गाडी बाजूला घेतली. घेतली म्हणजे घ्यावी लागली, समोरचं दिसत नव्हतं. अंतराने सीटबेल्ट काढला, माझ्या हातावर हात ठेवला आणि आपल्या त्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "मम्मा, आता वाढलं नको म्हणू. बाबा म्हणाला ना तुझ्या आईने शिकवलं, म्हणून. पण मला नको शिकवू. मोडलं म्हण. एकदा म्हण, मग मी जाऊ शकते. नाहीतर मी तिकडे बसून पण तुझ्या तोंडाकडे बघत राहीन."

बघ, तू जे म्हणालास तेच तीही म्हणाली, आणि तिने तुझं ऐकलंही नव्हतं. बापलेक एका मातीचे आहात. मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, इथे गाडी उभी करता येत नाही, दंड बसेल. आणि गियर टाकला.

घरी आलो. तुझ्या उशीला नवा अभ्रा घातला होता, तो काढून ठेवला. कपाटात अंतराचे कपडे परत लावले. शहनाजभाभींनी दारातून पाहिलं आणि काही न विचारता खिमा ठेवून गेल्या.

तू एक रात्रही राहिला नाहीस, तेव्हा माझी अट पुरी झाली नाही. सही मी करणार नाही. शब्द मी दिला होता तो तू राहिलास तर, असा होता. हे वकिली आहे हे मला कळतं.

मैथिली


रुवी
रविवार, १८ जानेवारी २०२६

जयप्रकाश,

अंतराने तुलाही फोन केला असेल, पण आधी मला केला, एवढं मी मिरवून घेते.

ती काल लिंकनच्या कॅथीड्रलमध्ये गेली. खऱ्या. टेकडीवर आहे म्हणाली, चढताना दम लागतो. तुझा कोट अंगात होता, नाक लाल झालं होतं. आत गेल्यावर तिने व्हिडिओ लावला आणि हळू आवाजात बोलायला लागली, जसं आपण गाभाऱ्यात बोलतो. खांब वर जातात ते जातातच. रंगीत काचांमधून फरशीवर उजेड पडला होता, त्यात पाय ठेवून तिने बूट दाखवले, एक निळा झाला, एक तांबडा. मी दवाखान्याच्या खुर्चीवर बसून बघत होते. पेशंटही बघायला लागले. एका मल्याळी बाईंनी माझ्या खांद्यावरून डोकावून क्रूसाची खूण केली.

तिथे एक आजीबाई माहिती सांगत होत्या. अंतरा ऐकून ऐकून मला सांगत होती. पूर्वी मधल्या मनोऱ्यावर भला मोठा सुळका होता म्हणे, त्याच्याइतकं उंच जगात काही नव्हतं असं म्हणायचे. शेकडो वर्षांपूर्वी एका वादळात तो गेला. पुन्हा कोणी चढवला नाही. खाली मनोरा आहे तसा आहे.

अंतराने फोन स्वतःकडे वळवला. मग विचारलं, "मम्मा, याला काय म्हणायचं? वाढला?"

विचारताना ती हसत नव्हती. चौथीतल्या पोरीसारखी बघत होती, आता आई काय म्हणते याच्याकडे. तिच्या मागे इतकी माणसं होती, मेणबत्त्या होत्या, कुठेतरी ऑर्गनवर कोणी सराव करत होतं. माझी पोर एकटी त्या थंडीत उभी होती आणि तिला पुढे जायचं होतं. माझ्या डोळ्यांसमोर माझी आई आली, चापट उगारलेली. मी म्हटलं, "नाही गं. मोडला."

तिने मान हलवली. कोटाची कॉलर वर केली आणि म्हणाली, "थंडी आहे, पण कोट चांगला आहे." आणि मग जेवलीस का वगैरे. फोन ठेवल्यावर मी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जाऊन दार लावून रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं. बाहेर पेशंट वाट बघत होते.

एकदा जीभ वळली की मग शब्द अडत नाहीत. रात्रभर तोच शब्द घोळत होता. म्हणून तुला लिहिते, तोंडावर म्हणायची संधी आता येणार नाही.

आपलं घर मोडलं, जयप्रकाश. वाढलं नाही. तू सोहारला गेलास तेव्हाच मोडलं होतं, आणि मी चार वर्षं त्याच्यावर घुमट चढवायचा म्हणून दशम्या करत बसले. नवीन बांधलं तर ते खोटं होतं, असं पोर म्हणाली तेव्हा तू हसलास आणि मी नवस बोलत होते.

मला तू हवा होतास. अजूनही हवा आहेस. ते कागदावर लिहायची जागा वकिलाने ठेवलेली नाही, म्हणून इथे लिहिलं.

जुनैद उद्या निघतो आहे. त्याच्याकडे दोन लिफाफे देते. एकात ते कागद आहेत, जिथे जिथे खूण केली होती तिथे सही केली आहे. दुसऱ्यात फ्रिजवरचं ते पान आहे, दहापैकी तीनवालं. ते तुझ्याकडे असू दे. लाल गोल अजून तसाच आहे.

मिळालं की कळव. अंगठा पाठवलास तरी चालेल. थँक्यू म्हणू नकोस.

मैथिली